रहस्य वाड्यातच का दडतं?

मराठी रहस्यकादंबरीत घराण्याचं जुनं पाप उकरायचं ठरलं की लेखक पात्रांना कोकणात धाडतो. माड, पडका वाडा, कुलूप लावलेली खोली, माजघरात काहीबाही पुटपुटणारी आजी. मालिकांनीही हाच रस्ता धरला आणि २०१६ साली सुरू झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ने तो हमरस्ता करून टाकला. गंमत अशी की, हे सारं लिहिणारे, छापणारे आणि चवीने वाचणारे यांतले कितीतरी जण गिरगाव, दादर, परळ, लालबागचे. ते ज्या चाळींत वाढले तिथलं घरगुती गुपित मात्र रहस्यकथेच्या वाट्याला फारसं आलं नाही.

परंपरा त्याला काही अंशी जबाबदार आहे. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही मंडळी भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून पानं सुटी होईस्तोवर फिरली. पुढे गुरुनाथ नाईकांनीही तेवढ्याच झपाट्याने लिहिलं. सुहास शिरवळकरांनी भाषेला धार दिली, अमर विश्वाससारखा वकील नायक दिला. पण या कथांचा जोर पाठलागावर, वेषांतरावर आणि शेवटच्या कलाटणीवर. गुन्हेगार बहुधा बाहेरचा असे आणि तो सापडला की घर पुन्हा आपलं सुखी. घरानेच कुणाचं तरी वाटोळं केलंय, ही शक्यता त्या शंभर-सव्वाशे पानांत मावणारी नव्हती.

ती शक्यता ओळखली रत्नाकर मतकरींनी. त्यांच्या गूढकथांत भीती बाहेरून चालून येत नाही, ती स्वयंपाकघरात आधीच बसलेली असते. मतकरींचं मोठेपण वादातीत आहे, पण त्यांचं बळ कथेत. वीस-पंचवीस पानांत ते वाचकाला गारठवून सोडतात. पिढ्यानपिढ्या मुरलेली जखम उलगडायला जो ऐसपैसपणा लागतो, तो कादंबरीचा.

हृषीकेश गुप्ते यांच्या ‘दंशकाल’मध्ये तो सापडतो. एकत्र कुटुंबातलं वेड, वासना, हिंसा आणि या सगळ्यावर घातलेलं मौनाचं पांघरूण त्यांनी लहान मुलाच्या अर्धवट समजुतीतून उघडत नेलं. इथे तपास करायला गुप्तहेर लागत नाही. मुलगा मोठा होत जातो, हाच तपास. लहानपणी दिसलेलं पुढे कळतं आणि कळल्यावर सुटका होण्याऐवजी पीळ वाढतो. गुप्ते यांनीच लिहून दिग्दर्शित केलेला ‘जारण’ (२०२५) हा चित्रपटही बालपणीच्या धसक्याभोवती फिरतो. अमृता सुभाष यांनी त्यातली बाई अशी उभी केली आहे की करणी खरी की मनाचा खेळ, हा प्रश्न शेवटपर्यंत टोचत राहतो. गेल्या दहा वर्षांत या प्रकारात सर्वांत कसदार काम गुप्ते यांचं आहे. तरीही त्यांच्या लेखनाचा जीव गावातल्या घरात रमतो, हे नोंदवायला हवं.

मग चाळीचं काय? तिथे अडचण मुळातली आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, मधे साडीचा पडदा, पलीकडच्या घरातली फोडणीही अलीकडे ऐकू येते. अशा ठिकाणी गुपित लपत नाही. सगळे मिळून त्याबद्दल बोलायचं टाळतात. कुणाची मुलगी अचानक ‘गावी’ का गेली, कुणाच्या धाकट्याला पोलीस का घेऊन गेले, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक असतं. ‘हे कुणी केलं?’ असं विचारणारा झुंजार इथे काय कामाचा? इथे शोधायचं ते एवढे सगळे गप्प का राहिले हे.

हा प्रश्न सर्वांत जवळून हाताळला तो रहस्यकथा न लिहिणाऱ्या माणसाने. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकात (१९९७) धुरींचं घर आहे आणि त्याच्या मागे १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, अडीच लाखांच्या आसपास कामगारांना ओढून घेणारा गिरणी संप. संप कागदोपत्री मिटला की नाही, याला त्या घरात अर्थ नाही. मुलगा नरू टोळीच्या वाटेला लागतो, आई सगळं बघते आणि जेवायला वाढते. खून कुणाचा झाला, हे तिथे आधीच ठरलेलं आहे: एका वस्तीचा. पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त संग्रहातही गिरणगावची माती उकरली की असंच काहीतरी हाताला लागतं.

दादर-परळच्या नाट्यगृहांना सरावलेल्या प्रेक्षकाला विवेक बेळे यांचं ‘काटकोन त्रिकोण’ आठवेल. म्हातारे वडील, मुलगा, सून आणि प्रश्न विचारणारा पोलीस अधिकारी. त्यावरून ‘आपला मानूस’ (२०१८) हा चित्रपट निघाला. मध्यमवर्गीय कुटुंबाची उलटतपासणी म्हणून ते नाटक चोख आहे, पण त्याचा भर आजच्या अपराधभावावर. जुन्या जखमेपर्यंत ते खोल जात नाही.

जपानमध्ये सेइशी योकोमिझो यांनी १९४६च्या सुमारास जुन्या घराण्याच्या वाड्यातला बंद खोलीतला खून रंगवला, तेव्हा युद्धाने मोडलेल्या समाजाचा जुना तोराही चव्हाट्यावर आला. आपल्याकडे तसा क्षण आज लालबाग-परळमध्ये आहे. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या जाऊन ५०० चौरस फुटांची घरं येत आहेत. पुनर्विकास म्हटला की भाडेपावती कुणाच्या नावावर, रेशनकार्डावरून नाव कुणाचं आणि कधी कमी झालं, वारसांत कोण राहून गेलं, हे सगळं टेबलावर येतं. चाळीस वर्षं तोंड न बघितलेली बहीण सहीपुरती दारात उभी राहते. पोटमाळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. एवढा दारूगोळा समोर पडलेला असताना मराठी रहस्यकादंबरी अजून माडांच्या सावलीत बसून असेल, तर तो आळस आहे.

प्रकाशकांचाही यात वाटा आहे. अनुवादित थरारकथांना ते हौसेने जागा देतात. इथल्या नव्या लेखकाकडे मात्र एक तर ‘भयकथा’ मागतात, नाही तर ‘गंभीर साहित्य’. या दोन फळ्यांच्या मधे बसणारं हस्तलिखित कुणाकडे असेल, तर ते प्रकाशकांनी मागून घ्यावं. आणि वाचकांनी तोवर ‘दंशकाल’ आणि ‘अधांतर’ लागोपाठ वाचावीत, त्याच क्रमाने.