मध्यंतरानंतर

गुन्हेगारीकडे वळलेल्या तरुणाची गोष्ट सांगताना मराठी चित्रपटाला कारण बरंच उशिरा सापडलं. 1986 च्या ‘माफीचा साक्षीदार’जवळ ते नव्हतं. तो ज्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतला होता, त्यातली मारेकरी मुलं पुण्यात कला महाविद्यालयात शिकत होती. गिरणी बंद पडली, शेत गेलं, असं काही त्यांच्या बाबतीत सांगता येत नव्हतं. म्हणूनच नाना पाटेकरचा थंड म्होरक्या पाहताना दोष कुणावर ढकलावा हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि चित्रपटाची खरी भीती तिथेच आहे. त्याच घटनेवरून सुचलेला अनुराग कश्यपचा ‘पांच’ तर चित्रगृहात लागलाच नाही.

पुढे कारण मिळालं, आणि तेही भक्कम. मुंबईतला गिरणी संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या पडझडीचं सगळ्यांत नेमकं चित्र जयंत पवारांनी 1997 मध्ये ‘अधांतर’ या नाटकात रेखाटलं. चाळीतली एक खोली, आई आणि हाताला काम नसलेली तिची मुलं. एकाला लेखक व्हायचंय, एक क्रिकेटपायी वाया जातोय, नरू टोळीत शिरलाय. नाटकात नरू हा त्या घराच्या दुखण्याचा एक भाग आहे. याच नाटकावरच्या महेश मांजरेकरांच्या ‘लालबाग परळ’मध्ये (2010) मात्र नरू दाराबाहेर पडला की कॅमेराही त्याच्या मागे धावतो. सीमा बिस्वासची आई, वीणा जामकरची मंजू ही माणसं तोवर केवढी जिवंत असतात! रक्त सांडायला लागल्यावर त्यांच्यासाठी वेळच उरत नाही. सिद्धार्थ जाधवचा अडखळत बोलणारा ‘स्पीडब्रेकर’ तेवढा दोन्हीकडचा वाटतो, चाळीतलाही आणि टोळीतलाही.

खरा घोटाळा बंदुकीशिवायच झाला. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा शहराला, तेवढाच म्हाडाला, असं 1991 चा विकास नियम 58 सांगत होता. 2001 मध्ये तो बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. यावर थरारपट काढायचं अजून कुणाच्या मनात आलेलं नाही. कागदाला पार्श्वसंगीत देणं अवघड, हेही खरंच म्हणा.

‘मुळशी पॅटर्न’ने (2018) जमीन हा विषय तरी मध्यभागी आणला. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते; आयटी पार्कच्या कुंपणाला लागून ज्यांची शेतं होती, त्यांची ही कहाणी. मोहन जोशींचा सखाराम जमीन विकतो, पैसा उडवतो आणि विकलेल्या जमिनीवरच वॉचमन म्हणून उभा राहतो. त्याचं ते खांदे पाडून उभं राहणं पाहिलं की पुढची सगळी हाणामारी फिकी वाटते. दिग्दर्शक प्रवीण तरडे इथे अस्सल आहेत: बोलीत, शिव्यांत, पैसा आल्यावर घरात शिरणाऱ्या माजात. पण ओम भुतकरचा राहुल भाई झाला की स्लो मोशन सुरू होतं. बापाच्या नजरेत ती शोकांतिका असते, पडद्यावर मात्र मिरवणूक. ‘खतरनाक’ हे गाणं वरातींत वाजत राहिलं. जमिनी विकू नका हे सांगणं चित्रगृहातच राहिलं.

पवारांच्याच कथेवरचा मांजरेकरांचा ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ (2022) याच्या उलट टोकाला जातो. दिग्या आणि इलियास ही कोवळी पोरं. त्यांना मिरवायला ना भाईगिरी उरलीय, ना गाणं. गिरणी त्यांनी चालताना पाहिलेलीच नाही. वाद झाला तो ट्रेलरमधल्या लैंगिक दृश्यांवरून. राष्ट्रीय महिला आयोगाने आक्षेप घेतला. या पोरांना कुणीच कसं उरलं नाही, ही चर्चा त्या गदारोळात राहून गेली. चित्रपटही त्याला काही अंशी जबाबदार आहे. पवारांचा निवेदक माणसांकडे कणवेने बघतो, इथे कॅमेरा त्यांच्या अंगावर चालून जातो. धक्का बसतो, वेदना मात्र कथेतच राहते.

या सगळ्यांत मला ‘मुळशी पॅटर्न’ उजवा वाटतो, तोही मध्यंतरापर्यंतच. त्याचा हिंदी अवतार ‘अंतिम’ 2021 मध्ये आला, तेव्हा त्यातला सर्वांत मोठा तारा पोलिसाच्या भूमिकेत होता.