यात्रा, पण जाझची

‘जाझ यात्रेला जातोय,’ असं १९७८ साली मी घरी जाहीर केलं, तेव्हा सौभाग्यवतींनी पहिला प्रश्न केला, ‘देव कुठला?’ त्यांचंही बरोबरच होतं. बेटेगावात यात्रा म्हटलं की देव, पाळणे आणि हरवलेल्या चपला एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण दादरचा मेहुणा माझ्या नावाचा पास काढून बसला होता. मी चपात्यांचा डबा घेऊन बोईसरला पॅसेंजर धरली, विरारला लोकल पकडली नि मरीन लाइन्सला उतरलो.

निरंजन झवेरी यांनी भरवलेली ती पहिलीच जाझ यात्रा. जागा धोबी तलावाचं रंगभवन, वर मोकळं आकाश. जाझशी माझी ओळख ‘अलबेला’पुरती. सी. रामचंद्रांचं संगीत आणि चिक चॉकलेटचा ट्रंपेट ऐकला की पाय आपोआप ठेका धरायचे. त्याच तयारीने मी बसलो होतो. पायांना काही काम मिळेना!

मंचावर एक युरोपीय चौकडी आली. सॅक्सोफोनवाला किंचाळू लागला, ट्राँबोनवाला घोरू लागला आणि ड्रमवाला घर बदलताना भांडी भरावीत तसा आवाज करू लागला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या बांगला देश मदत जलशात लोकांनी रविशंकरांच्या सतार जुळवण्यालाच टाळ्या दिल्या होत्या. मी तीच चूक उलट बाजूने केली. इथे वादन चांगलं दहा मिनिटं चाललं होतं, नि मी जुळवाजुळव संपायची वाट पाहत होतो.

‘भाऊजी, याला फ्री जाझ म्हणतात,’ मेहुणा कुजबुजला.

‘मग पासाचे पैसे कशाला दिलेस?’

त्याने मला समजावलं. १९६० साली अमेरिकेत ऑर्नेट कोलमन नावाच्या गृहस्थाने आठ वादक दोन चौकड्यांत बसवले आणि सदतीस मिनिटं वाजवून ‘फ्री जाझ’ याच नावाची तबकडी काढली. स्टीरिओवर एक चौकडी डाव्या कानात, दुसरी उजव्या. लग्नात दोन्ही वऱ्हाडांचे बँड एकदम सुरू व्हावेत, त्यातला हा प्रकार असावा, अशी मी समजूत करून घेतली.

आता टीका करायला माझा अधिकार काय? माझं आयुष्य तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या देखभालीत गेलं. मागांच्या खडखडाटात कुठला माग बिघडलाय, ते मला डोळे मिटून सांगता येई. त्या कानाने मी ऐकू लागलो आणि बिघाड सापडला. सूर बेसूर होते याची तक्रार नाही. चौघांपैकी कुणी कुणाचं ऐकतच नव्हतं. स्वातंत्र्य प्रत्येकाने आपापल्या घरी नेलं होतं.

दुसऱ्या तुकड्यात मात्र बेसवाल्याने तारांवर गज ओढला. सॅक्सोफोनवाल्याने वाद्य तोंडापासून दूर केलं आणि बराच वेळ तो नुसता उभा राहिला. मग त्या घरघरीला लागून त्याने एकच लांब सूर धरला. माझा डबा उघडायचा राहिला. चाल नव्हती, ताल नव्हता, तरी पुढे काय होणार याची हुरहुर होती. वाईट फ्री जाझ आणि चांगलं फ्री जाझ यांतला फरक मला त्या थांबण्याने कळला.

त्या यात्रेला सॉनी रॉलिन्सही आले होते. हा माणूस १९५९ ते १९६१ न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत असे. वाटेल ते वाजवण्याची मुभा मिळवायला एवढी तयारी लागते! आणि आमच्यामागचे एक रसिक प्रत्येक किंचाळीला ‘वाहवा’ म्हणत होते. तेही वादकांइतकेच स्वतंत्र होते.

घरी परतलो आणि काही दिवसांनी पाड्यावर तारपा ऐकला. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा. वारली वादक श्वास न तोडता वाजवतो. त्याने सूर बदलला की गोल फिरणाऱ्यांची पावलं बदलतात. समोर कागद नसतो, कान असतो. हे मला लहानपणापासून दिसत होतं. पण ते ऐकायला शिकायला मुंबईला जावं लागलं.

पुढे शेजारच्या इस्पितळांमुळे आणि कॉलेजमुळे रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथले रात्रीचे जलसे थांबले. रुग्णांच्या झोपेविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण एकमेकांचं ऐकण्याची एक शाळा मुंबईतून उठली, एवढं खरं.

यात्रेहून आलो तेव्हा सौभाग्यवतींनी विचारलं होतं, ‘मग, भेटला का देव?’

‘देवाचं माहीत नाही. पण एक जण बोलत असताना दुसरा गप्प उभा राहिलेला पाहिला.’

‘तेवढा प्रसाद घरी आणला असता, तर बरं झालं असतं,’ त्या म्हणाल्या.