दोन स्वरांचा धडा

बास गिटार स्वतःच शिकू पाहणारा बहुधा वेगाच्या मागे लागतो. त्याने आधी ‘माय गर्ल’ या गीताचा आरंभ ऐकावा. ‘द टेम्प्टेशन्स’ या गायकवृंदाचे हे गीत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने १९६४ साली प्रसिद्ध केले. प्रारंभी एकटा बास वाजतो. षड्ज आणि पंचम, एवढेच स्वर. मग रॉबर्ट व्हाइट यांची गिटार पायरी-पायरीने वर चढत येते, आणि त्यानंतर गायक.

हे दोन स्वर नवशिक्याला पहिल्याच दिवशी सापडतात, आणि येथेच त्याची फसगत होते! जेम्स जेमरसन यांच्या वादनाचे मर्म स्वरांमधल्या विसाव्यात आहे. उजव्या हाताने तार छेडावी आणि डाव्या हाताचे बोट किंचित सैल करून तिचा नाद नेमक्या क्षणी मिटवावा. नवशिक्याची तार मात्र घुमतच राहते आणि पुढचा स्वर त्यात बुडतो. जेमरसन तार छेडण्यासाठी केवळ तर्जनी वापरीत. शाळेत ते उभा डबल बास शिकले होते. स्वयंशिक्षकाची पुस्तके दोन बोटे आळीपाळीने चालवायला सांगतात. ते योग्यच, परंतु बोटांच्या या कवायतीत कान मागे पडतो, ही माझी तक्रार आहे.

हे वाद्य हाती घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणून असावी. साठच्या दशकात मोटाउनच्या तबकड्यांवर या वादकांची नावे छापली जात नसत. जेमरसन यांचे नाव मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर आले, ते १९७१ साली. तोवर लाखो श्रोत्यांनी त्यांच्या बासवर ठेका धरला होता.