कच्च्या मातीची भुलाबाई

कारंजा लाडची कीर्ती जपणुकीची. इथल्या जैन भांडारांनी हस्तलिखितं शतकानुशतकं सांभाळली. म्हणूनच पुष्पदंतांची दहाव्या शतकातली अपभ्रंश काव्यं १९३०च्या दशकात कारंज्यातून छापली गेली: १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादलेलं ‘जसहरचरिउ’, १९३३ साली हीरालाल जैनांचं ‘णायकुमारचरिउ’. हजार वर्षं टिकलेल्या शब्दांचं हे गाव ज्या वऱ्हाडात आहे, तिथल्याच पोरी भाद्रपदात भुलाबाईची मूर्ती घरी आणतात. ती महिनाभर टिकली की झालं. पौर्णिमेला बसायचं आणि कोजागिरी झाली की पाण्यात जायचं, एवढंच तिचं आयुष्य. भुलाबाईच्या रूपाची प्रत्येक रेघ या अल्पायुष्यातून आलेली आहे.

मूर्ती भाजायची नाही, नुसती वाळवायची, हा पहिला नियम. तो पाळणं सोपं नाही. वऱ्हाडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते; उन्हाळ्यात शेतात पाय अडकावा एवढ्या भेगा पडतात. अशी माती एकटी घेतली तर नाक-डोळे उमटण्याआधीच मूर्ती तडकेल. म्हणून कुंभार तिच्यात गाळाची माती, राख, लीद कालवून तिचा ताठा मोडतो. तरीही लांबवलेला हात किंवा मोकळी बोटं कच्च्या मातीला पेलत नाहीत.

म्हणून भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी बसलेले असतात. मांडी ऐसपैस, हात गुडघ्याला किंवा अंगाला चिकटलेले, मान आखूड, आणि मधे नाहीतर मांडीवर छोटा गणपती. मुळात हे शंकर-पार्वती, पण त्रिशूळ, नाग, तांडव यांचा मागमूस नाही. भुलोजीच्या डोक्यावर फेटा, भुलाबाईच्या अंगावर लुगडं. शेजारच्या घरातलं जोडपं ओट्यावर येऊन बसावं, तसे दोघं बसतात. इथे मातीची मर्यादा आणि कथेचा भाव एकच होतो. भुलाबाई महिनाभर माहेराला आलेली असते. माहेराला आलेली बाई उभी कशाला राहील?

मागची बाजू तर बहुधा सपाटच. मूर्ती भिंतीशी बसणार आणि पोरी समोर बसणार, तर पाठीवर मेहनत कशाला? ती सगळी डोळ्यांवर खर्ची पडते. मोठे, उघडे, समोर रोखलेले डोळे. गाणी ऐकायची तर चेहरा जागा हवा. सासर-माहेरची तीच गाणी घरोघर, टिपऱ्यांच्या तालावर होतात, मग डब्यातली खिरापत ओळखायचा गलका. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपडी करून जोडप्याला तिच्यात बसवतात. हा मांडवही कच्चाच: शेतातून आला, शेताच्या वाटेनं जाणार.

मातीचं क्षणभंगुरत्व म्हटलं की मराठी रसिकाला उमर खय्याम आठवतो. १९२९ साली माधव जूलियनांनी त्याच्या रुबाया मराठीत आणल्या. ते फारसीचे प्राध्यापक होते. खय्यामच्या कुंभाराकडे चाकावरची माती पूर्वी कुणीतरी माणूस होती, राजा असेल नाहीतर भिकारी. तिथे घडा पाहून मृत्यू आठवतो. भुलाबाईत विषाद शिरतच नाही, कारण तिचा निरोप आधीपासून ठरलेला आहे. बोळवण हाही सणाचाच दिवस. इराणातली तिची खरी जवळीक खय्यामशी नसून कलपूरगानशी आहे. सिस्तान-बलुचिस्तान प्रांतातल्या या गावात बाया आजही चाकाशिवाय, नुसत्या हातानं भांडी घडवतात आणि त्यांवर ठिपक्या-रेघांची नक्षी काढतात. ती भांडी मात्र भाजली जातात, वापरायची असतात. हातात तीच सहजता, हेतू अगदी वेगळा.

बाजारात आता प्लास्टरच्या भुलाबाई दिसतात. साच्यातून काढलेल्या, चकचकीत, बोटं सुटी, दागिन्यांची कोरीव दाटी. कौशल्य कमी नाही, पण माती जे करू देत नव्हती ते करता आलं आणि बैठकीचा भारदस्तपणा गेला. शिवाय प्लास्टर पाण्यात सहज विरत नाही. महिना संपला तरी बाई माहेराहून निघायला तयार नाही, असं होतं. रूप आणि आयुष्य यांची इतकी काटेकोर गाठ आपल्या फार थोड्या मूर्तींत आहे. भांडारातल्या पोथीला लावतो ती टिकण्याची कसोटी हिला लावली, तर ही मूर्ती ओबडधोबडच दिसेल. वेळेवर येऊन वेळेवर विरघळण्याची कसोटी लावा, मग तिच्यात काही कमी सापडत नाही.