समेवर येणारी उशी

रायापूरवरून धारवाडकडे जाताना स्टीअरिंगवरची ‘एअरबॅग’ ही अक्षरे सतत आपल्या डोळ्यांसमोर असतात, आणि म्हणूनच ती आपण कधी वाचत नाही. आज वाचू. ही अक्षरे ज्यावर आहेत ते झाकण वरून कसे एकसंध दिसते! पण त्याच्या आतल्या अंगाला एक बारीक, मुद्दाम अशक्त ठेवलेली रेघ आहे. फाटायचेच झाले तर नेमके कुठे, हे कारागिराने आधीच ठरवलेले.

एअरबॅगच्या कल्पनेचे मूळही किती कोवळे! 1952 साली अमेरिकेत जॉन हेट्रिक यांची गाडी चरात गेली, तेव्हा त्यांचे आणि पत्नीचे हात आपसूक मुलीपुढे आडवे झाले; 1953 मध्ये पेटंट मिळाले ते जणू त्या आडव्या हातांनाच. आपल्याकडे चालकासाठीची एअरबॅग सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून. वर्षानुवर्षे दुपदरी राहिलेल्या, समोरासमोरच्या धडकांनी बदनाम झालेल्या हुबळी-धारवाड बायपासच्या शेजाऱ्यांना तिचे मोल वेगळे सांगायला नको.

खड्ड्याचा हिसका कोणता आणि खरी धडक कोणती, हा विवेक एक इवलासा सिलिकॉनचा संवेदक करतो. मग ठिणगी पडते, रसायन जळते आणि नायलॉनची घडी नायट्रोजनने भरते. धडकेपासून हे सारे सुमारे एक-विसांश सेकंदात, पापणी लवण्याआधी. जुन्या सोडियम अझाइडच्या मिश्रणात तर मागे उरणाऱ्या दाहक सोडियमचीही सोय होती: पोटॅशियम नायट्रेट आणि सिलिका मिळून त्याची निरुपद्रवी काच करून टाकत.

पण खरी गंमत फुगण्यात नाही, पिशवीच्या पाठीवरच्या छिद्रांत आहे. डोके टेकते त्याच क्षणी ती वायू सोडू लागते, देहाचा वेग हळूहळू स्वतःत जिरवते. धारवाडच्या मैफलींत मुरलेल्या कानाला हे लगेच उमगेल: ही सम आहे, जरा आधी नाही, जरा नंतर नाही. आणि आपल्याला त्या समेवर आणून सोडतो तो सीटबेल्ट. पट्टा नसेल तर देह आधीच पुढे फेकला जातो, आणि उसळून बाहेर येणारी तीच उशी त्याला ठोशासारखी लागते.

तेव्हा पट्टा आधी. आणि किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा जो लहानसा दिवा लागतो, तो काही सेकंदांत विझला नाही, तर वर्कशॉप गाठा.