हिरडीच्या पेशी आणि कॅन्डिडा : एका संशोधनधारेची चिकित्सा

प्रस्तावना :
कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट अनेक निरोगी माणसांच्या तोंडात निरुपद्रवीपणे राहते. मधुमेह, कवळी, प्रतिजैविकांचा दीर्घ वापर किंवा क्षीण प्रतिकारशक्ती यांमुळे तेच रोगकारक ठरते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश अतिगंभीर गटातील बुरशींमध्ये केला. मुखातील पेशी या यीस्टला कसा प्रतिसाद देतात, यावरील संशोधनाची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संशोधनाचे योगदान :
अभिस्तर पेशी म्हणजे केवळ निष्क्रिय भिंत नव्हे, हे या संशोधनाने सिद्ध केले. गोल यीस्टरूपाला या पेशी सौम्य प्रतिसाद देतात. तेच यीस्ट तंतुरूप धारण करून वाढू लागले की त्या सायटोकाईन स्रवून न्यूट्रोफिल पेशींना पाचारण करतात. २०१६ मध्ये कॅन्डिडालायसिन या ३१ अमिनो आम्लांच्या विषाचा शोध लागला आणि या भेदामागील कारण उलगडले. तंतूंतून स्रवणारे हे विष पेशीपटलास छिद्रे पाडते व त्यामुळेच पेशी सावध होते. हे यश निर्विवाद होय.

मर्यादा :
तथापि, यातील बरेचसे प्रयोग टीआर-१४६ या पेशीमालिकेवर झाले. ती गालाच्या कर्करोगापासून मिळवलेली आहे. गालाचे अस्तर मऊ असते, तर दाताभोवतीची घट्ट हिरडी केराटिनयुक्त असते. म्हणून एकीचा निष्कर्ष दुसरीला सरसकट लावता येत नाही. यीस्टचा वाणही बहुधा एकच, एससी-५३१४, आणि निरीक्षणाचा कालावधी काही तासांचा. प्रत्यक्षात यीस्ट व हिरडी यांचा सहवास वर्षानुवर्षांचा असतो.

कॅनडातील लावाल विद्यापीठाच्या संशोधकांनी हिरडीच्याच पेशी वापरून ही उणीव अंशतः भरून काढली. सिगारेटच्या धुराने कॅन्डिडाची वाढ व चिकटण्याची क्षमता वाढते, असे त्यांनी २०१४ मध्ये दाखविले. परंतु शिरूर कासार तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या स्त्रीचा प्रश्न सिगारेटचा नाही. ग्रामीण महाराष्ट्रात तंबाखू भाजून केलेली मिश्री बोटाने थेट हिरडीवर घासली जाते. तेथे धूर नाही. निकोटीन, जळका अंश आणि घर्षण आहे. अशा हिरडीच्या पेशी तंतुरूपाला तेवढ्याच तत्परतेने ओळखतात का, याचे उत्तर धुराच्या प्रयोगांतून मिळू शकत नाही.

समारोप :
मिश्रीमुळे कॅन्डिडाचा संसर्ग वाढतो, असा दावा येथे अभिप्रेत नाही. ज्या हिरडीवर प्रयोग झाले आणि जिच्यावर उपचार करावयाचे आहेत, त्या दोन्ही एकच मानण्यास आधार नाही, एवढेच प्रतिपादन आहे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय व अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय या प्रदेशातच आहेत. तेथे येणाऱ्या रुग्णांच्या संमतीने हिरडीच्या पेशी व यीस्टचे स्थानिक वाण एकत्र अभ्यासल्यास हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेत येऊ शकेल. सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रामीण प्राध्यापकांनी त्यात सहभागी होणे अगत्याचे आहे.