'बुलिमिया' आणि 'भस्म्या' : एका प्रतिशब्दाची चिकित्सा

'बुलिमिया'साठी 'भस्म्या' हा शब्द योजण्याचा मोह सहज होतो. १८७२ साली श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना जेथे स्थापन झाला, त्या पनवेलीत तर आयुर्वेदातील 'भस्मक' प्रथम आठवावा. व्युत्पत्तीही अनुकूल दिसते : ग्रीक 'बूस' (बैल) आणि 'लिमोस' (भूक), पैकी 'बूस' आपल्या 'गो' शब्दाचा सगोत्र. परंतु व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे.

भस्मकात दोष जठराग्नीचा. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वर्णिलेल्या विकारात अनावर खाणे हा अर्धाच भाग होय. स्थूलतेचे भय, मुद्दाम केलेली वांती वा कडक उपवास (उपवासाचे आपल्याकडे कौतुकच होते!) आणि हे झाकणारी लाज यांपैकी काहीही 'भस्म्या' सुचवीत नाही. शिवाय बोलीत तो टोमणा आहे. लपून खाणारीस तो अधिकच लपावयास लावील. वारंवारच्या वांतीने रक्तातील पोटॅशियम घटून हृदयास धोका पोहोचतो, तेव्हा हे लपणे क्षुल्लक नव्हे. ठरल्या वेळी जेवण, खाण्याची नोंद, वजनाविषयीच्या विचारांची मानसोपचारात उकल, यांनी पुष्कळांस उतार पडतो. मात्र त्यासाठी प्रथम बोलावे लागते.

सबब 'बुलिमिया' हाच शब्द ठेवावा. तो परका खरा. पण अद्याप कोणी तो टोमणा म्हणून वापरीत नाही.